टाचेवरचे अकरा दिवस

६ जानेवारी

अगं,

तू गेलीस त्याला आज सत्त्याण्णव दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी एक शब्दही बोललो नाही. तू असतानाही फार बोलत होतो असे नाही. परंतु तेव्हा दोघांचे बोलणे तू एकटीच उरकून घेत होतीस. आज तुझ्या कपाटात टपाल कचेरीतील एक कोरी नोंदवही सापडली. पानांवर रकाने छापलेले आहेत : पाठविणारा, घेणारा, वजन, शेरा. रकान्यांकडे दुर्लक्ष करून मी आडवे लिहीत आहे. तीस वर्षे खिडकीमागे बसून शिक्के मारणाऱ्या बाईला हे मुळीच आवडले नसते, याची मला जाणीव आहे.

लिहिण्यास कारण असे की, आपले मलम अखेर माणसांवर तपासले जाणार आहे. ३ फेब्रुवारीपासून त्वचेच्या डॉक्टरांकडे चाळीस रुग्णांना ते दिले जाईल : गळवे, चिघळलेले ओरखडे, जुन्या मलमांना न जुमानणाऱ्या जखमा. सात वर्षांचे काम. औषध तेच, परंतु ते ज्या स्निग्ध लगद्यात कालवायचे तो लगदा मी सात वेळा बदलला. तू म्हणायचीस, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं. तुमच्या मलमाची किती राहिली?" हे सातवे घर आहे.

तुझ्या टाचेच्या बाबतीत जे घडले, त्यात मलमाचा दोष नव्हता. संसर्ग आत खोलवर गेला होता. हे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही.

८ जानेवारी

विशेष काही नाही. दूध उतू गेले. पुसले.

१० जानेवारी

प्रयोगशाळेतील जीवाणूंचे काम पूर्वी मोठ्या बाई पाहत. त्या गेल्या मार्चअखेर निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी तू गेलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात एक तरुण बाई आल्या. साहजिकच त्यांना सगळे छोट्या बाई म्हणतात. मधले सहा महिने ती परीक्षणे मीच केली. आज छोट्या बाई माझी वही घेऊन टेबलाशी उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"प्रश्न अजून मला ठाऊक नाही."

"एप्रिलपासून न्यूट्रलायझर कुठला घातलात? लिहिलेला दिसत नाही."

"साठा संपला होता. मी मिठाच्या पाण्यात पातळ केले. शंभरपट पातळ केल्यावर मलमाचा अंश उरतो कुठे?"

"उरतो सर, कधी कधी."

"मग आपण काळजीही कधी कधी करू."

हे उत्तर मला त्या वेळी चपखल वाटले. आता तितकेसे वाटत नाही.

तुला समजेल असे सांगतो. जीवाणूंमध्ये मलम मिसळायचे. तासाभराने त्यातला एक थेंब काढून काचेच्या प्लेटमधल्या खाद्यावर पसरायचा आणि ती प्लेट उबवणीच्या कपाटात दिवसभर ठेवायची. जितके जिवंत असतील तितके ठिपके उगवतात. ठिपके नसले की जीवाणू मेले. मात्र थेंबाबरोबर मलमाचा अंशही प्लेटवर गेला, तर तो तेथेही त्यांना वाढू देत नाही. ते मेलेले नसतात, नुसते दाबून धरलेले असतात. यासाठी थेंब काढताक्षणी मलमाचे बळ काढून घेणारे एक द्रावण त्यात घालावे लागते. मोठ्या बाईंनी ते कधीही चुकविले नाही. मीही चुकविले नाही; साठाच नव्हता. मागणीपत्र भरले होते. माल आला नाही, आणि दरम्यान प्लेटी स्वच्छ येत राहिल्या. स्वच्छ प्लेटीला कोणी प्रश्न विचारीत नाही.

१४ जानेवारी

मुलगी आली होती. तुझे कपडे बांधून ठेवायचे असे ठरले होते, परंतु दोन घड्या घातल्यावर तिने कपाट लावून टाकले. तुझ्या नव्या सँडल अजून दारापाशीच आहेत. ज्या पट्ट्याने तुझी टाच सोलली, तो पट्टा तिने बोटाने वाकवून पाहिला.

"किती कडक आहे हा. बाबा, आई कधी दुखणं सांगायचीच नाही."

"मला सांगत असे. सकाळ-संध्याकाळ मी विचारीत होतो. माझ्याकडे नोंद आहे."

"नोंद?"

"अकरा दिवसांची."

"आणि काय लिहिलंय त्यात?"

"'बरे आहे.' एकवीस वेळा. बाविसाव्या नोंदीची जागा रिकामी आहे."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. घासण्यासारखे दोनच कप होते.

१७ जानेवारी

छोट्या बाईंनी एका महाविद्यालयातून ते द्रावण उसने आणले आणि मला न विचारता सातव्या मलमाचे परीक्षण नव्याने केले. दुपारी ट्रे माझ्यासमोर ठेवला. प्लेटीवर बोट ठेवायला जागा नव्हती, इतके ठिपके.

"मोजल्या वसाहती?"

"कॉलन्या मोजण्यापलीकडे आहेत, सर."

"बाहेरून काही पडले असेल. हात नीट धुतले होते?"

"सर, मी इतके हात धुते की माझा नवरा म्हणतो, रेषा पुसल्या जातील, मग तुझं भविष्य बघायचं कुठे?"

मी हसलो नाही. त्यांनीही लगेच आवरते घेतले. मी म्हटले, हे परीक्षण मी स्वतः करीन. त्या म्हणाल्या, "तेच बरं. पण मी प्लेटींवर नुसती अक्षरं घालते. कुठली मिठाच्या पाण्याची, कुठली द्रावणाची, ते तुम्हांला सांगणार नाही." माझ्या निम्म्या वयाच्या बाईने मला ही अट घालावी! अट योग्य होती, म्हणून मान्य केली.

२१ जानेवारी

तीन वेळा केले. तीनही वेळा तेच.

ज्या प्लेटी मिठाच्या पाण्याच्या निघाल्या, त्या स्वच्छ. द्रावणाच्या प्लेटी भरलेल्या. तासाभरात हजारांतले जेमतेम दोनशे जीवाणू मरतात. उरलेले आठशे मरत नाहीत, मलम दूर होईतो निपचित पडून राहतात. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील माझी एकूण एक नोंद खोटी आहे. मी खोटे लिहिले नव्हते. परंतु जे लिहिले ते खोटे आहे. आणि सातवे मलम एप्रिलमधलेच असल्याने मोठ्या बाईंचा हात त्याला कधी लागलाच नव्हता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. छोट्या बाई काही टोचून बोलल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी फक्त खुर्ची पुढे सरकविली.

२२ जानेवारी

कामावर गेलो नाही. झोपलोही नाही. भिंतीकडे पाहत बसलो. भिंतीला रंगाची गरज आहे.

२३ जानेवारी

तुझ्या टाचेची वही आज काढली. स्वच्छ अक्षरात आहे. जशीच्या तशी उतरवितो.

पहिला दिवस. डाव्या टाचेवर फोड फुटून जखम. भोवती लाली, बटणाएवढी. मलमाचा पातळ थर दिला. रुग्णेस समजावून सांगितले. रुग्णा म्हणते, "लावा की. सात वर्षं ऐकतेय, एकदा वास तरी घेऊ द्या."

तिसरा दिवस. लाली किंचित कमी. (ती मलमाच्या थंडाव्याने कमी दिसली असणार. आता कळते.)

पाचवा दिवस. कचेरीतून येताना लंगडते. विचारता म्हणाली, सँडल नव्या आहेत. बरे आहे.

आठवा दिवस. अंगात कसर. हवा बदलली आहे. बरे आहे.

नववा दिवस. डॉक्टरांकडे जाऊ असे सुचविले. रुग्णा म्हणते, "आता दोन-तीन दिवसांसाठी कशाला? तुम्हांला पूर्ण नोंद हवी ना?" रुग्णेचे सहकार्य उत्तम.

हे शेवटचे वाक्य माझ्याच हातचे आहे. शाई तीच आहे.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तुला हुडहुडी भरली आणि तू मला विचारलेस, "किती तिकिटं देऊ?" तेव्हा मी रिक्षा आणली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारले, "किती दिवस झाले?" मी म्हणालो, "चार." त्यांनी विचारले, "काही लावलं होतं का?" मी म्हणालो, "नाही." दोन्ही उत्तरे मी शांतपणे दिली. त्यांनी ती फॉर्मवर उतरविली आणि त्याप्रमाणे सात दिवस झुंज दिली. ते चार कोठून आले, हे मला आजवर सांगता आलेले नाही. कोणी मला तेव्हा पुन्हा विचारले असते, तर कदाचित मी खरे सांगितले असते. कदाचित पाचही म्हणालो असतो.

या महिन्याच्या सहा तारखेला मी येथे लिहिले की मलमाचा दोष नव्हता. ते खोडत नाही. खाली रेघ ओढून हे लिहिले, एवढेच.

२६ जानेवारी

मुलीकडे गेलो. जावई बाहेर गेले होते, ते बरे झाले. तिने चहा ठेवला. मी म्हणालो, "तुला काही सांगायचे आहे. आधी बस."

"उभ्यानं ऐकते. चहा उतू जाईल."

"तुझ्या आईच्या टाचेला मी आमचे मलम लावत होतो. ते अजून कोणालाही लावण्याची परवानगी नव्हती. आणि ते निरुपयोगी आहे, हे या आठवड्यात सिद्ध झाले."

तिने गॅस बंद केला.

"लावत होतात ते माहीत आहे मला."

"कोणी सांगितले?"

"आईनं. फोनवर. आठव्या की नवव्या दिवशी. म्हणाली, पाय ठणकतोय गं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी म्हटलं, अगं मग बाबांना सांग ना! तर म्हणते, 'नको. रोज दोनदा माझा पाय मांडीवर घेऊन बसतात. चष्मा लावून बघतात. इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी इतकं बघितलं नव्हतं त्यांनी. आणखी चार दिवस बघू दे.' वर हसली. म्हणाली, 'म्हातारपणी नवरा पायाशी बसलाय, मोडता घालू नकोस.'"

मी म्हणालो की जखमेची पाहणी दिवसातून दोनदा करावीच लागते, त्यात विशेष काही नाही.

मुलीने चहा कपांत ओतला. मग म्हणाली, "तिनं मला शपथ घातली होती, बाबा. आणि मी गप्प बसले. तुम्ही एकटेच नाही आहात यात."

"तुझा काय संबंध? तू वैद्यकीय शाखेची नव्हेस."

यावर ती हसू लागली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवावा ते न कळल्यामुळे ती शांत होईपर्यंत ठेवला. चहा गार झाला होता, तसाच प्यालो.

रस्त्याने येताना एका गोष्टीचा उलगडा होईना. तू मला एकवीस वेळा चुकीचे निरीक्षण दिलेस. तुझ्यासारखी काटेकोर बाई, पाकिटाचे वजन कधी एका ग्रॅमने चुकले नाही तुझे. असे का करावेस?

२८ जानेवारी

साहेबांना अहवाल दिला. कंपनी त्यांच्या वडिलांनी काढलेली. त्यांना मलमातले कळत नाही, माणसांतले कळते असे ते स्वतःच सांगतात. पहिली दोन पाने त्यांनी उभ्याउभ्या वाचली.

"म्हणजे चालतच नाही?"

"अर्धवट चालते. अर्धवट चालणारे अधिक वाईट. वरून जखम शांत दिसते, आणि खाली ते जिवंत असतात."

"अहो, मग पुढच्या खेपेला नीट करू. आत्ता झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारी चाचणी सुरू होऊ दे. नाही चाललं तर डॉक्टरांना कळेलच."

"ज्यांच्यावर चालणार नाही, त्यांना डॉक्टरांच्या आधी कळेल."

साहेब बसले. तिसरे पान काढले. त्यावर मी तुझ्याविषयी लिहिले होते : अकरा दिवस, एकवीस थर, रुग्णालयात दिलेली दोन खोटी उत्तरे. ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"हे कशाला घातलंत यात? काढा हे. कुणी विचारलंय का तुम्हांला?"

"या मलमाचा माणसावर झालेला हा एकमेव वापर आहे. अहवालात तो असलाच पाहिजे."

"वहिनी आहेत हो त्या!"

"होय."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मागे वळून न पाहता म्हणाले, "हे पान राहिलं तर मला तुम्हांला काढावं लागेल. कळतंय का? आणि ते काम बंद. खोलीच बंद."

"राजीनामा चौथ्या पानावर आहे."

"तुम्ही म्हणजे ना..." एवढेच म्हणून त्यांनी पान उलटले आणि सही केली. चाचणी रद्द करण्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांना मी साहेबांच्याच टेबलावरून फोन केला. साहेबांनी अडविले नाही. तेही दमलेले दिसले.

३ फेब्रुवारी

दवाखान्यात आधीच पोचलेल्या चाळीस ट्यूबा परत आणण्यास स्वतः गेलो. दुसऱ्या कोणाला पाठविता आले असते. डॉक्टर आतमध्ये होते, म्हणून बाकावर बसलो. शेजारी एक वयस्क जोडपे होते. बाईंच्या पोटरीला पट्टी. ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेने दारातून विचारले, "काय आजी, कालच्यापेक्षा कसं आहे?"

आजोबांनीच उत्तर दिले. "उत्तम! एकदम उतार आहे. काल तर जिना चढली."

परिचारिका लिहू लागली. मी म्हणालो, "त्यांना विचारा."

तिघांनीही माझ्याकडे पाहिले. आजोबा म्हणाले, "तुम्ही कोण?"

"कोणी नाही. परंतु त्यांना विचारा. आणि एकदा विचारून थांबू नका."

परिचारिका आजीबाईंजवळ वाकली. "आजी, खरं सांगा, दुखतंय?" आजीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. "ठणकतंय गं बाई. रात्रभर. यांची झोपमोड नको म्हणून मी आपली तोंडात पदर धरून पडते." आजोबांचा चेहरा पाहवेना. "अगं, मग सांगायचंस ना मला," ते म्हणाले; दोनदा म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतले.

मी असा मध्ये का बोललो, ते माझे मलाच ठाऊक नाही. अनोळखी माणसांच्या बोलण्यात तोंड घालण्याची मला सवय नाही. ट्यूबा मोजून घेतल्या. चाळीस होत्या, एकाही ट्यूबचे टोपण उघडलेले नव्हते.

५ फेब्रुवारी

रुग्णालयाच्या कागदपत्र विभागात गेलो. तेथील कारकुनाला सांगितले की तुझ्या फॉर्मवर 'चार दिवस' आहे तेथे 'अकरा' करायचे आहे, आणि 'काही लावले नाही' हे खोडून मलमाचे नाव लिहायचे आहे.

"काका, आता काय उपयोग? माणूस गेलं ना?"

"आकडा राहिला आहे."

त्याने मान हलविली. जुना आकडा खोडता येत नाही, परंतु अर्ज देऊन तो जोडता येतो असे म्हणाला. दिला. वाचल्यावर तो म्हणाला, "यावरून तुम्हांला बोलावतील हो चौकशीला." मी पत्ता नीट वाचता येतो ना, ते त्याला विचारले.

७ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतील शेवटचा दिवस. जीवाणूंच्या सगळ्या प्लेटी वाफेच्या भांड्यात घालून मारल्या. छोट्या बाईंनी खातरजमा केली, द्रावण घालून. चाळीस ट्यूबा फोडून नष्ट केल्या. माझ्या वह्यांपैकी एप्रिल ते सप्टेंबरच्या प्रत्येक पानावर तांबड्या शाईने 'अग्राह्य' असे लिहिले. एकशे बारा पाने झाली. मनगट दुखते आहे.

छोट्या बाई म्हणाल्या, "सर, लगदा आठव्यांदा बदलून बघावासा वाटतोय मला. इथे नाही, त्या कॉलेजात. तुमच्या वह्या नेऊ?"

"न्या. तांबडी पाने आधी वाचा."

"तीच आधी वाचणार होते," त्या म्हणाल्या. "कुणी ती लिहून ठेवत नाही, सर." मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारले, "बरे आहात ना?"

मी "बरा आहे" असे म्हणालो. त्या गेल्या नाहीत; तेथेच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "नाही." त्यांनी वह्या खाली ठेवल्या आणि आम्ही दोघे उबवणीच्या रिकाम्या कपाटासमोर थोडा वेळ बसलो.

अगं, तू बरे आहे म्हणालीस तेव्हा मी लिहून घेऊन उठत असे. लगेच उठत असे.

पाच वाजून दहा मिनिटांनी दिवे व वाफेचे भांडे बंद केले. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. तीनही किल्ल्या भांडारात परत केल्या.